निजलेले मागे राहणार नाहीत

वाचन : १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ ते ५:११, १ करिंथकरांस १५:३५-५८

आपल्या मंडळीतील कोणी निवर्तले म्हणजे निधनवार्तेत आणि पुढे कबरेवरील दगडावर आपण बहुधा दोनांपैकी एक वाक्य घालतो. 'प्रभूमध्ये झोपी गेले' हे एक, आणि 'त्यांच्या आत्म्यास चिरशांती लाभो' हे दुसरे. कधीकधी दोन्ही एकाखाली एक असतात. लिहिणाऱ्याचे अंतःकरण त्या वेळी जड झालेले असते, तेव्हा शब्दांवरून त्याला कोणी बोल लावू नये. तथापि ही दोन वाक्ये एकच गोष्ट सांगत नाहीत. जो झोपतो तो उठतो. पहिल्या वाक्यात सकाळची अपेक्षा आहे. दुसऱ्यात आत्म्याची काळजी वाहिली आहे, आणि शरीराला मात्र मुकाट्याने निरोप दिला आहे. रविवारी प्रेषितांचा मतांगीकार म्हणताना आपण सर्व जण उभे राहून शरीराच्या पुनरुत्थानावरील विश्वास बोलून दाखवतो. सोमवारी मयताच्या घरी जातो आणि त्याविषयी चकार शब्द काढत नाही. 'देवाची इच्छा' म्हणतो, 'सुटले बिचारे' म्हणतो, आणि चहा घेऊन परत येतो.

जो विश्वास आपण उपासनेत कबूल करतो तो शोकाच्या घरी आपल्या तोंडी का येत नाही? आम्हांस वाटते, ख्रिस्ताचे पुनरागमन हा विषय आपण चुकीच्या कप्प्यात ठेवला आहे. आपण तो भविष्याच्या, चिन्हांच्या व तारखांच्या कप्प्यात ठेवला. पौलाने तो सांत्वनाच्या कप्प्यात ठेवला होता. हे पाहण्यासाठी त्याने तो प्रथम कोणाला व कोणत्या प्रसंगी लिहिला तेथे गेले पाहिजे.

थेस्सलनीका हे मासेदोनियाचे मुख्य शहर व मोठे बंदर. इ. स. पूर्व ३१५ च्या सुमारास कसांद्र राजाने ते वसवले आणि आपल्या बायकोचे, म्हणजे अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीचे, नाव त्याला दिले. पूर्वेकडून रोमकडे जाणारा एग्नातिया हा हमरस्ता याच शहरातून जात असे. पौल व सीला फिलिप्पैत फटके खाऊन तेथे आले, आणि प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये सांगितल्याप्रमाणे थोड्याच अवधीत तेथेही दंगल होऊन त्यांना रातोरात निघावे लागले. यासोनावर व त्याच्या सोबत्यांवर जो आरोप आला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे : हे लोक कैसराला सोडून येशू नावाचा दुसराच राजा आहे असे सांगतात. ज्या अधिकाऱ्यांपुढे हा आरोप झाला त्यांना लूक 'पोलितार्ख' म्हणतो. हा हुद्दा ग्रीक ग्रंथांत सापडत नसल्यामुळे लूक चुकला असे काही पंडित म्हणत असत. पुढे त्याच शहराच्या वेशीवरील कोरीव दगडात तो हुद्दा जसाच्या तसा मिळाला. तो दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तेथून पौल बिरुया, अथेनै असा करिंथास आला. मागे राहिलेल्या कोवळ्या मंडळीची त्याला इतकी चिंता लागली की अथेनैहून त्याने तीमथ्याला परत पाठवले. तीमथ्य बातमी घेऊन आला, आणि पौलाने हे पत्र लिहिले. गल्लियो अखयाचा अधिकारी असताना पौल करिंथात होता, आणि गल्लियोच्या कारकिर्दीचा काळ देल्फी येथील शिलालेखावरून ठरवता येतो. त्यामुळे हे पत्र इ. स. ५० किंवा ५१ चे असावे असे ठरते. प्रभूच्या वधस्तंभानंतर जेमतेम वीस वर्षे झाली होती. नव्या करारातील सर्वांत जुन्या लिखाणांत त्याची गणना होते.

तीमथ्याने आणलेल्या बातमीत एक शंका होती. येशू स्वर्गातून येणार आहे, त्याची वाट पाहा, असे पौल शिकवून गेला होता (१:१०). ते वाट पाहत होते. तेवढ्यात त्यांच्यातील काही जण मेले. कोण मेले, कशाने मेले, हे पौल सांगत नाही. परंतु मागे राहिलेल्यांच्या मनात काय कालवाकालव झाली असेल ती आपण ओळखू शकतो. राजा येईल तेव्हा आपण वेशीवर असू, पण ती माणसे कोठे असतील? पंगत उठल्यावर येणाऱ्याची जी गत, ती त्यांची होणार काय?

काही वर्षांपूर्वी एका दफनविधीस आम्ही हजर होतो. तरुण बाई गेली होती. मागे दोन लहान मुले. उपदेशकांनी प्रभूच्या येण्याची चिन्हे क्रमाने सांगितली, लढाया, भूकंप, महागाई, सर्व काही, आणि त्यात अर्धा तास गेला. ते बोलत असताना धाकटा मुलगा आजीचा पदर ओढून विचारत होता, "मग येशू येईल तेव्हा आई असेल का?" आजीने त्याला गप्प केले. त्या दिवशी कबरस्थानात पवित्र शास्त्राला धरून एकच प्रश्न विचारला गेला, आणि तो त्या मुलाने विचारला. थेस्सलनीकेच्या मंडळीचा प्रश्न हाच होता.

आता पौलाचे उत्तर पाहू. तो शोक करू नका असे म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा तो करू नका, असे म्हणतो. हा फरक फार मोठा आहे. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू त्याच्या कबरेपाशी रडला (योहान ११:३५). तेव्हा 'तुम्ही विश्वासणारे आहात, रडता काय?' असे शोक करणाऱ्याला दटावणे हे शास्त्राला धरून नाही, आणि माणुसकीलाही धरून नाही. आशा नसलेला शोक कसा असे, याचा नमुना त्या काळच्या रोमी कबरींवर मिळतो. आपण नव्हतो, मग झालो, आता नाही, आणि त्याची पर्वाही नाही, अशा अर्थाचे वाक्य इतके सरसकट झाले होते की पुढे पुढे पाथरवट त्याची नुसती आद्याक्षरे कोरीत. त्याच रोममध्ये भूमिगत कबरींत ख्रिस्ती लोकांनी आपल्या मृतांविषयी 'ठेवला' या अर्थाचा शब्द कोरला आहे. ठेव म्हणून ठेवलेली वस्तू परत मागून घ्यावयाची असते. कबरस्थानाला आपण इंग्रजीवरून सिमेट्री म्हणतो, त्या शब्दाचे मूळही ग्रीक भाषेतील निजण्याच्या जागेच्या नावात आहे.

पौलाच्या उत्तराचा पाया एकाच घटनेवर आहे : येशू मेला व पुन्हा उठला (४:१४). आत्मा अमर आहे, म्हणून काळजी करू नका, असे तो म्हणत नाही. तसे म्हणणे त्याला सोपे होते. शरीर ही आत्म्याची बेडी आहे व मरण ही सुटका आहे, ही शिकवण प्लेटोच्या वेळेपासून ग्रीक लोकांच्या अंगवळणी पडली होती. अथेनै येथे लोकांनी पौलाचे बोलणे पुष्कळ वेळ ऐकून घेतले, आणि मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा उल्लेख येताच काहींनी त्याची थट्टा केली (प्रेषित. १७:३२). आपल्या देशातही आत्मा जीर्ण वस्त्र टाकून नवे घेतो ही कल्पना घरोघरी आहे. आपले शेजारी ती श्रद्धेने मानतात, आणि त्यांची टवाळी करण्याचे आपल्याला कारण नाही. परंतु आपला विश्वास निराळा आहे हे आपल्याला तरी स्वच्छ कळले पाहिजे. देवाने शरीर निर्माण केले, शब्द देही झाला, आणि रविवारी पहाटे कबर रिकामी सापडली. शरीर हे टाकून देण्याचे वस्त्र असते तर कबर रिकामी होण्याची गरजच नव्हती.

मग मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात आपली माणसे कोठे असतात? ती ख्रिस्ताजवळ असतात, पौलाने स्वतःविषयी तसेच म्हटले आहे (फिलिप्पै. १:२३, २ करिंथ. ५:८), आणि पश्चात्तापी चोराला प्रभूने तेच वचन दिले. याहून अधिक तपशील शास्त्र देत नाही. कॅल्विनने तरुणपणी, १५३४ साली, याच एका प्रश्नावर पुस्तक लिहिले. ज्यांना वादाची आवड आहे त्यांनी तिकडे जावे. आपल्याला एवढे पुरे की तो विसावा आहे, आणि तो मुक्काम शेवटला नव्हे.

ज्यांना आपण मागे राहिलेले समजत होतो ते पुढे असतील, हे पौलाचे पुढचे म्हणणे. ख्रिस्तात मेलेले प्रथम उठतील. जिवंत असलेले त्यांच्या आधी जाणार नाहीत. मग, आणि येथे पौलाने घातलेला शब्द तुम्ही मुलांना बोट ठेवून दाखवावा, आपण 'त्यांच्याबरोबर' प्रभूला भेटण्यास घेतले जाऊ. आपली माणसे आपल्याला पुन्हा भेटतील काय, असे लोक पाळकांना हळूच विचारतात, जणू ही इच्छा थोडी संसारी आहे. पौलाने ती संसारी मानली नाही. प्रभूला भेटण्याआधी त्याने त्यांची आणि आपली गाठ घालून दिली आहे.

'घेतले जाऊ' या क्रियापदाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हिसकावून नेणे असा आहे. ग्रीक कबरींवर, विशेषतः लहान मुलांच्या व तरुणांच्या कबरींवर, मृत्यूने वा नियतीने त्यांना हिसकावून नेले असे लिहीत. त्यासाठी हाच शब्द. आपणही म्हणतोच की, काळाने हिरावून नेले. थेस्सलनीकेच्या लोकांनी तो शब्द किती दगडांवर वाचला असेल! पौलाने तो मृत्यूच्या हातातून काढून प्रभूच्या हाती दिला.

'येणे' आणि 'सामोरे जाणे' हे दोन शब्द समजले म्हणजे हे सर्व चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. येण्यासाठी ग्रीक शब्द पारूसिया. राजा किंवा सम्राट एखाद्या शहराला भेट देई तेव्हा त्या आगमनाला हा शब्द लावीत. अशा भेटीची मोठी तयारी होई. सम्राट नीरो ६६-६७ साली ग्रीस देशात आला तेव्हा करिंथ येथे त्याच्या आगमनाची नाणी पाडण्यात आली. राजा जवळ आला की नगरवासी वेशीबाहेर त्याला सामोरे जात आणि वाजतगाजत शहरात आणीत. आपल्या मराठी शास्त्रात येथे 'सामोरे' हाच शब्द आहे आणि तो नेमका आहे. मूळ शब्द दहा कुमारींच्या दाखल्यात आला आहे, आणि प्रेषित. २८:१५ मध्येही आला आहे. पौल कैदी म्हणून रोमकडे येत असता तेथील बंधू त्याला भेटण्यास अप्पियाच्या पेठेपर्यंत, म्हणजे ६० ते ६५ किलोमीटर चालून आले, आणि त्याच्याबरोबर रोमला परतले.

आपल्याकडे हे समजावून सांगण्यास लांब जावे लागत नाही. शेजाऱ्यांच्या लग्नात सीमांतपूजन आपण सर्वांनी पाहिले आहे. हल्ली ते कार्यालयाच्या हॉलमध्येच उरकतात. परंतु नावातच सांगितल्याप्रमाणे ते गावाच्या सीमेवर व्हावयाचे. वराकडची मंडळी आली की वधूकडची माणसे सीमेपर्यंत जात, वराचे पाय धूत, त्याचा मान करीत. मग सीमेवर कोणी बसून राहत नसे. वराला घेऊन सगळे गावात येत, कारण लग्न गावात होते.

मेघांत प्रभूला सामोरे जाणे ते असे आहे, असे आम्हांस वाटते. तो येत आहे तो येथे येत आहे. प्रकटीकरण २१ मध्येही पवित्र नगरी खाली उतरते, आणि देवाची वस्ती माणसांजवळ होते. आम्हांस ठाऊक आहे की आपल्यापैकी पुष्कळ जण निराळे मानतात : प्रभू प्रथम मंडळीला गुप्तपणे उचलून नेईल, मागाहून संकटाचा काळ येईल आणि मग तो सर्वांदेखत येईल. हे क्रमवार मत एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून पुढे आले आणि १९०९ च्या स्कोफील्ड यांच्या टीपांसहित बायबलामुळे दूरवर गेले. त्या टीपा वाचून पुष्कळ भक्तिमान माणसे प्रभूच्या जवळ आली आहेत, हेही खरे आहे. एकाच बाकावर दोन्ही मतांची माणसे बसतात आणि बसावीत. मात्र पौलाने या उताऱ्यात सामोरे गेल्यावर पुढे कोठे जाणार हे सांगितलेले नाही. आपण सर्वकाळ प्रभूबरोबर राहू, एवढे सांगून तो थांबला. तो जेथे थांबला तेथे निदान कबरेच्या काठावर तरी आपण थांबावे.

तारखांविषयी थोडक्यात. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. कित्येकांनी शेते कापली नाहीत. २०११ साली त्याच देशात २१ मे ही तारीख पुन्हा गाजली. दोन्ही दिवशी सूर्य नेहमीप्रमाणे मावळला. थेस्सलनीकेतही काही जणांनी कामधंदा सोडला होता, आणि पौलाने त्यांना दुसऱ्या पत्रात चांगलेच सुनावले (२ थेस्सल. ३:१०-१२). रात्री चोर येतो तसा तो दिवस येईल (५:२). चोर आगाऊ कळवीत नाही.

वीस शतके लोटली, याचे उत्तर काय, असे महाविद्यालयात जाणारी मुले विचारतात. विचारू द्यावे. पौलाने जिवंत उरलेल्यांत स्वतःला धरले हे उघड आहे. परंतु त्याच पत्रात पुढे तो म्हणतो की आपण जागे असू किंवा निजलेले असू, त्याच्याबरोबर जगू (५:१०). म्हणजे दोन्ही शक्यता त्याच्यापुढे होत्या, आणि आशा कोणत्याही एकीवर टांगलेली नव्हती. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात या विलंबाला देवाचे धीर धरणे म्हटले आहे (३:९).

आता शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी. हा पाठ तुम्ही घ्याल तेव्हा वर्गात कोणाचे वडील, कोणाची आजी गेलेली असेल, हे आधी घरोघर जाऊन माहीत करून घ्यावे. 'देवाला तुझी आई हवी होती, म्हणून नेली' असे मुलाला कधीही सांगू नये. शास्त्र मरणाला शेवटचा शत्रू म्हणते (१ करिंथ. १५:२६). मुलाच्या मनात आईला नेणारा शत्रू आणि देव यांची अदलाबदल झाली, तर ती पुढे चाळीस वर्षे निस्तरत नाही. अगदी लहान वर्गात 'झोप' हा शब्दही जपून वापरावा. झोपलेली आजी उठली नाही असे ऐकून मुले रात्री डोळे मिटण्यास भितात. त्यांना याईराच्या बारा वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगावी, आणि येशूने तिचा हात धरला व तिला उठ म्हटले, येथे जरा थांबावे. लहान मुलांना हात धरून उठवले जाण्याचा रोजचा अनुभव आहे.

मोठ्या मुलांचा प्रश्न शरीराविषयी असतो : कुजलेले शरीर उठणार कसे? करिंथ येथील लोकांनीही हेच विचारले होते (१५:३५). वर्गात जोंधळ्याचा एक दाणा न्यावा, आणि हंगाम असला तर एक कणीस. दाण्याकडे पाहून कणसाची कल्पना कोणालाही करता येणार नाही. तरी कणीस येते ते त्याच दाण्याचे, दुसऱ्या कशाचे नव्हे. ते शरीर आध्यात्मिक असेल असे पौल म्हणतो, त्याचा अर्थ धुराचे किंवा सावलीचे शरीर असा करू नये. पवनचक्की वाऱ्याची बनवलेली नसते, ती वाऱ्याने चालते. तसे ते शरीर देवाच्या आत्म्याने चालणारे असेल. नमुना पाहावयाचा तर उठलेला प्रभूच पाहावा. त्याने शिष्यांपुढे भाजलेला मासा खाल्ला. त्याच्या हातांवरचे व्रण तसेच होते. मरीयेने त्याला माळी समजले, आणि त्याने नावाने हाक मारताच ओळखले. ओळखीचा प्रश्न कोणी काढला तर ही हाक वाचून दाखवावी.

एक प्रश्न मुले विचारतात, आणि मोठी माणसे विचारण्याचे टाळतात. ज्यांचे दफन झालेच नाही त्यांचे काय? नदीत बुडाले, सापडले नाहीत, आगीत गेले, शहरात जागा नसल्यामुळे किंवा घरच्या लोकांच्या इच्छेमुळे ज्यांचे दहन झाले. आपल्या मंडळ्यांत अशी घरे आहेत, आणि काही ठिकाणी त्या घरच्यांनी वर्षानुवर्षे ही बोच मनात ठेवली आहे. त्यांना गॉल देशातील लुग्दुनम, म्हणजे आजचे लिओन, येथील हकिकत सांगावी. १७७ साली तेथे मंडळीचा मोठा छळ झाला. नव्वदी उलटलेले बिशप पोथिनस तुरुंगात मेले, ब्लांदिना नावाची दासी रंगणात मारली गेली. छळ करणाऱ्यांनी मृतांना पुरू दिले नाही. सहा दिवस प्रेते उघड्यावर ठेवली, मग जाळली, आणि राख झाडून र्‍होन नदीत लोटून दिली. हे त्यांनी मुद्दाम केले : या लोकांना पुनरुत्थानाची आशा आहे म्हणून ते मरणाला भीत नाहीत, तर ती आशाच बुडवू या. तेथील मंडळ्यांनी हे सर्व पत्रात लिहून पूर्वेकडील आपल्या बांधवांना कळवले, आणि युसेबियसने ते पत्र आपल्या मंडळीच्या इतिहासात जपून ठेवले. लिहिणाऱ्यांना राख गेल्याचे दुःख आहे. राख गेली म्हणून आशा गेली, असे मात्र त्यांनी लिहिलेले नाही. ज्याने आरंभी मातीतून माणूस घडवला त्याला कोणती नदी अडवील?

पुष्कळ जुन्या ख्रिस्ती कबरस्थानांत मृताचे पाय पूर्वेकडे ठेवण्याची वहिवाट आहे. उठेल तेव्हा येणाऱ्या प्रभूकडे त्याचे तोंड असावे म्हणून. आपल्या गावच्या कबरस्थानात तशी रांग असेल तर ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेनंतर वर्गाला ती दाखवावी, आणि दगडांवरील वाक्ये मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. कोणत्या दगडावर कोणते वाक्य आहे याची वहीत नोंद करण्यास सांगावे.

पुढील रविवारी : १ करिंथकरांस १५:१-११. पुनरुत्थित प्रभूला कोणी कोणी पाहिले, त्यांची नावे मुलांनी घरून लिहून आणावीत.